पर्यावरणाच्या प्रश्नांवर राजकीय पक्षांना हिशोब कसा विचारावा : नव्या नागरिक गटांसाठी मार्गदर्शन

निवडणूक जाहीर झाली की टेकड्या वाचवू, नदी स्वच्छ करू, हवा शुद्ध ठेवू ही आश्वासने जवळजवळ प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात येतात. निकालानंतर त्या आश्वासनांचे काय झाले हे विचारायला निघालेल्या नागरिकाला मात्र कोणत्या कार्यालयात जायचे, कोणता कागद मागायचा आणि नेमका कोणाला प्रश्न करायचा याचा पत्ता लागत नाही. पुण्यात नदी, ओढे आणि टेकड्यांच्या प्रश्नांवर परिसरातील लोकांबरोबर काम करताना आमची जी पद्धत बसत गेली, ती नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे मांडत आहे. उदाहरणे मुख्यतः पुण्याची आहेत. परंतु राज्यातील कोणत्याही महापालिकेत थोड्याफार फरकाने हीच वाट उपयोगी पडेल. १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान होऊन बऱ्याच वर्षांनी लोकनियुक्त सभागृहे परत आली असल्यामुळे या कामाला ही वेळ अतिशय योग्य आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की पक्षाची पर्यावरणविषयक भूमिका त्याच्या जाहीरनाम्यातून कळते त्यापेक्षा सभेच्या कार्यवृत्तातून, अंदाजपत्रकाच्या वर्गीकरणातून (म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवण्याच्या नोंदींतून) आणि हरकतींच्या यादीतून अधिक खरी कळते. हे तिन्ही कागद सार्वजनिक आहेत, परंतु ते वाचणारे लोक फार थोडे आहेत.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- तुमच्या प्रभागात लढलेल्या सर्व प्रमुख पक्षांचे जाहीरनामे आणि उमेदवारांची पत्रके, शक्यतो छापील स्वरूपात.
- महापालिकेचा शेवटचा पर्यावरण स्थिती अहवाल.
- चालू आणि मागील वर्षाचे मंजूर अंदाजपत्रक.
- विकास आराखड्यातील तुमच्या भागाचा नकाशा, तसेच नदी किंवा ओढा असल्यास पूररेषेचा नकाशा.
- माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, म्हणजे जोडपत्र ‘अ’, आणि काही कोर्ट फी स्टॅम्प.
- एक साधी नोंदवही किंवा तक्ता, ज्यात प्रत्येक नोंदीसमोर तारीख आणि पुराव्याचा कागद लिहिण्यासाठी रकाना असेल.

यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त असली, तरी तीच आधी हवी. नोंदवहीशिवाय सुरू झालेले काम पहिल्या उत्साहानंतर विखुरते.

१. एक प्रश्न आणि एक सभागृह निवडा

हवामान बदल हा विषय इतका व्यापक आहे की तो संपूर्ण हाती घेतला तर कोणीच जबाबदार ठरत नाही. नगरसेवकाला औष्णिक वीज प्रकल्पांबद्दल विचारले तर तो केंद्राकडे बोट दाखवील, आणि खासदाराला ओढ्यावरील अतिक्रमणाबद्दल विचारले तर तो महापालिकेकडे. दोघांचेही उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल आणि तुमच्या हाती मात्र काहीच लागणार नाही.

म्हणून आधी आपला प्रश्न कोणाच्या अधिकारात येतो हे ठरवा. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचे संरक्षण आणि नागरी वनीकरण ही नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगी कामे म्हणून नोंदलेली आहेत, त्यामुळे ‘हा विषय आमचा नाही’ असे महापालिकेतील पक्षांना सरसकट म्हणता येत नाही. नदीचाच विचार केला तर सांडपाणी शुद्ध करण्याची जबाबदारी महापालिकेची, त्यावर देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची, पूररेषा आखण्याचे आणि धरणातून पाणी सोडण्याचे काम जलसंपदा विभागाचे, आणि विकास आराखड्यातील बदलाला अंतिम मंजुरी राज्याच्या नगरविकास विभागाची. एकच पक्ष महापालिकेत सत्तेत आणि राज्यात विरोधात असू शकतो, किंवा याच्या उलटही. या दोन्ही भूमिकांत तो एकच बोलतो का, हे पाहणे हा हिशोबाचा पहिला भाग आहे.

सुरुवातीला एकच ओढा, एकच टेकडी किंवा एकच कचरा प्रकल्प निवडावा असे मी सुचवीन. लहान जागेचा पाच वर्षांचा नीट ठेवलेला हिशोब संपूर्ण शहराबद्दलच्या सर्वसाधारण तक्रारीपेक्षा पक्षांना अधिक अडचणीत आणतो, कारण त्यात सुटायला वाट नसते.

२. जाहीरनामे मिळवा आणि जपून ठेवा

हे काम निवडणुकीच्या काळातच करावे. निकालानंतर काही महिन्यांतच पत्रके मिळेनाशी होतात आणि संकेतस्थळावरील पाने बदलतात. छापील प्रत मिळाल्यावर तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि छायाचित्र काढून ठेवा. संकेतस्थळावरील मजकूर असेल तर त्याची तारखेसह प्रत जतन करा. शहराच्या जाहीरनाम्याबरोबरच प्रभागातील उमेदवारांचे वचननामे आणि मावळत्या नगरसेवकांचे कार्य अहवालही गोळा करा. कार्य अहवालांत पुष्कळ उपयुक्त माहिती असते, कारण कोणत्या कामाचे श्रेय कोणी घेतले हे त्यात छापलेले असते. उद्या तेच काम पर्यावरणाला घातक ठरले तर ‘आमचा संबंध नव्हता’ असे म्हणणे कठीण होते.

जाहीरनाम्याला कायद्याचे बंधन नाही, हे मान्य करूनच पुढे जावे. तथापि सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात दिलेल्या निर्देशांनंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक सूचना घातल्या, आणि आश्वासनामागील कारणमीमांसा व त्यासाठी पैसा कोठून येणार हे पक्षांनी ढोबळमानाने सांगावे अशी अपेक्षा त्यांत व्यक्त केली. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तरीही ‘नदी स्वच्छ करण्यासाठी पैसा कोठून आणणार?’ हा प्रश्न विचारताना या अपेक्षेचा उल्लेख अवश्य करावा.

येथे एक सापळा आहे. अनेक नवे कार्यकर्ते थेट पक्ष कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज देतात. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरवले होते हे खरे आहे, परंतु पक्षांनी त्या आदेशाचे पालन केले नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. व्यवहारात या मार्गाने उत्तर येत नाही. पक्षाविषयीची माहिती सरकारी कार्यालयांतून काढावी लागते, आणि ती कशी काढायची हे पुढील पायऱ्यांत येईल.

३. आश्वासनाचे तपासता येईल असे वाक्य करा

‘मुळा-मुठेला गतवैभव प्राप्त करून देऊ’ हे वाक्य पाच वर्षांनीही खरे किंवा खोटे ठरवता येत नाही. त्याचे रूपांतर असे करावे : किती दशलक्ष लिटर सांडपाणी दररोज नदीत जाते, त्यांपैकी किती शुद्ध होऊन जाते, नवे प्रकल्प कोणत्या तारखेपर्यंत सुरू होतील, आणि ते सुरू झाल्यावर नदीतील पाण्याचे मोजमाप कोणत्या ठिकाणी व कोणत्या मर्यादेत यायला हवे. मर्यादा आपण ठरवण्याची गरज नाही; स्नानयोग्य पाण्यासाठी जैविक ऑक्सिजन मागणी (म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा, असे निकष देशात ठरलेले आहेत. पुलाखालून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो हे सर्वांना माहीत असते, परंतु आकडा हाती असल्याशिवाय चर्चा पुढे सरकत नाही.

याच नदीचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहू, कारण आश्वासन कसे लांबत जाते ते त्यात स्पष्ट दिसते. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रणाचा प्रकल्प जानेवारी २०१६ मध्ये मार्गी लागला, तेव्हा त्याचा खर्च सुमारे ९९० कोटी रुपये सांगितला गेला. अकरा शुद्धीकरण प्रकल्प आणि दररोज सुमारे ४०० दशलक्ष लिटर क्षमता असे त्याचे स्वरूप होते. ६ मार्च २०२२ रोजी त्याचे भूमिपूजन झाले, त्या वेळी जाहीर झालेला खर्च १,४७० कोटींहून अधिक होता. त्याच दिवशी नदीकाठ विकसनाच्या नऊ किलोमीटरच्या टप्प्याचेही भूमिपूजन झाले, आणि त्याचा खर्च १,०८० कोटींहून अधिक सांगितला गेला. करार आणि भूमिपूजन यांमध्ये सहा वर्षे गेली. या काळात महापालिकेत २०१७ पर्यंत राष्ट्रवादी काँग्रेस व काँग्रेस, नंतर भारतीय जनता पक्ष. राज्यात आधी भाजप व शिवसेना आणि २०१९ नंतर महाविकास आघाडी. आणि केंद्रात भाजप अशी सत्ता होती. म्हणजे विलंबाचा प्रश्न यांपैकी प्रत्येक पक्षाला विचारता येतो आणि विचारायला हवा. फक्त ‘तुमच्या ताब्यात जे सभागृह होते त्याने या काळात काय केले?’ अशी त्याची नेमकी मांडणी करावी लागते.

नदीकाठ विकसन आणि नदीचे शुद्धीकरण ही दोन वेगळी कामे आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे. पत्रकांत ती हमखास एकत्र येतात. काठावर बांधलेले पदपथ दाखवून ‘नदीचे काम केले’ असे सांगितले जाते, तेव्हा शुद्धीकरणाचा रकाना वेगळा ठेवलेला असेल तर तुम्हाला शांतपणे तो रिकामा दाखवता येतो.

४. आजची स्थिती कागदावर घ्या

पाच वर्षांनी तुलना करायची तर आज काय आहे हे नोंदलेले हवे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागील वर्षाचा पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवावा लागतो. या तरतुदीची माहिती असलेले नागरिक कमी, आणि दुर्दैवाने त्या अहवालावर सविस्तर बोलणारे नगरसेवकही कमीच आढळतात. अहवाल सभेपुढे आल्यावर कोणत्या पक्षाचे किती सदस्य बोलले, काय बोलले आणि काही ठराव झाला का, ही नोंद एखाद्या पक्षाच्या पर्यावरणाविषयीच्या आस्थेची अगदी सोपी कसोटी आहे.

हवेसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजमापे घ्या. सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक सरासरी देशाच्या निकषानुसार घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. पुण्यासह राज्यातील अनेक शहरे २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहेत, आणि त्यातून महापालिकांना निधी मिळतो. तो निधी कशावर खर्च झाला हे विचारणे तुमच्या यादीत असू द्या.

मुंबईकरांचे काम या बाबतीत थोडे सोपे आहे. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई हवामान कृती आराखड्यात २०३० पर्यंत उत्सर्जनात ३० टक्के घट आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य अशी उद्दिष्टे लिहिलेली आहेत. प्रत्येक पक्षाला ‘हा आराखडा तुम्हाला मान्य आहे का, आणि नसल्यास त्याऐवजी काय?’ असे विचारले की संभाषणाला ठोस पाया मिळतो.

५. लेखी प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर मागा

प्रश्न पाच-सहापेक्षा अधिक नसावेत आणि सर्व पक्षांना तेच, त्याच दिवशी पाठवावेत. शहराध्यक्ष, गटनेता आणि प्रभागातील उमेदवार किंवा नगरसेवक या तिघांनाही पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. चार सदस्यांच्या प्रभागात ‘तो भाग माझ्याकडे नाही’ हे उत्तर फार लवकर येते. म्हणून पत्रावर चौघांचीही नावे असावीत.

पत्रात ‘तुम्ही नदीसाठी काय कराल?’ असे न लिहिता ‘निळ्या पूररेषेच्या आत कोणत्याही नव्या बांधकामाचा किंवा भरावाचा प्रस्ताव सभेपुढे आल्यास तुमचा पक्ष विरोधात मतदान करील का? होय किंवा नाही’ असे लिहावे. निळी रेषा ही साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा ही १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानंतर आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरल्यानंतर या रेषांचा अर्थ पुणेकरांना समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या पत्रावर चर्चा करताना एका पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी हा प्रश्न दोनदा वाचला, पेन काढले आणि ‘विरोधात मतदान करील’ याच्या आधी स्वतःच्या अक्षरात ‘शक्यतो’ असा शब्द घातला. ‘ताई, एवढे तर ठेवावेच लागते,’ असे ते अतिशय सौजन्याने म्हणाले. आम्ही तो कागद तसाच ठेवून घेतला आणि त्यांच्या उत्तराची नोंद ‘शक्यतो’सह केली. उत्तर जसे आले तसेच नोंदवावे. पक्षाने न दिलेले वचन त्याच्या तोंडी घालू नये आणि दिलेले वचन सौम्यही करू नये. उत्तरच आले नाही तर ‘उत्तर नाही’ असे लिहावे, त्याचा अर्थ नकार असा लावू नये.

निवडणूक काळात हे काम करताना काही कायदेशीर पथ्ये पाळणे अत्यावश्यक आहे. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारासाठी खर्च करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे तुमच्या पत्रकात अमुक उमेदवाराला मत द्या किंवा देऊ नका असे काहीही नसावे, सर्व पक्षांची उत्तरे समान जागेत असावीत. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापावे. उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलवायचे असल्यास परवानगीसाठी निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलीस ठाणे यांच्याकडे आधीच अर्ज करावा. गट एखाद्या नोंदणीकृत न्यासाच्या नावाने काम करत असेल, आणि विशेषतः त्याला परदेशी देणगी मिळत असेल, तर कायदेतज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय निवडणुकीशी संबंधित कोणताही उपक्रम हाती घेऊ नये.

६. सभागृहात काय घडले ते वाचा

या कामाचा गाभा हाच आहे, आणि सर्वाधिक वेळ येथेच द्यावा.

मुख्य सभेपूर्वी नगरसचिव कार्यालयातून कार्यपत्रिका निघते. तिच्यात विषय क्रमांकाने दिलेले असतात. सभेनंतर ठराव आणि कार्यवृत्त तयार होते. ही तिन्ही कागदपत्रे ठेवून तुमच्या विषयापुरते बोट फिरवत वाचायला शिकावे. पहिल्यांदा वाचताना भाषा अवघड वाटते, पण शब्द मोजके आहेत आणि प्रत्येकाच्या मागे एक राजकीय कृती आहे.

‘एकमताने मंजूर’ असे दिसले तर याचा अर्थ सर्व पक्षांनी पाठिंबा दिला असा होतो, आणि उद्या एखाद्या पक्षाने बाहेर विरोधाचे भाषण केले तर हे पान पुढे करता येते. ‘विषय पुढे ढकलण्यात आला’ असे वारंवार येत असेल तर कोणी ढकलला, म्हणजे सूचक आणि अनुमोदक कोण, ते पाहा. ‘दप्तरी दाखल’ म्हणजे तो विषय व्यवहारात संपला. ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून आलेला प्रस्ताव कार्यपत्रिकेत नसतो, त्यामुळे नागरिकांना आणि पुष्कळदा नगरसेवकांनाही त्याचा आधी पत्ता नसतो. टेकडी, आरक्षण किंवा ओढ्याशी संबंधित विषय या मार्गाने आला असेल तर तो ठळक अक्षरांत नोंदवावा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट उपसूचना. मूळ प्रस्ताव निरुपद्रवी असतो आणि त्याला जोडलेल्या दोन ओळींच्या उपसूचनेने आरक्षणाचा वापर बदलतो. वर्तमानपत्रात बातमी मूळ प्रस्तावाची येते. म्हणून ठराव शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि उपसूचनेखालील दोन्ही नावे पक्षासह लिहून घ्यावीत.

मतदान झाले असल्यास कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे मिळू शकते. येथे पक्षाची जबाबदारी कायद्यानेच स्पष्ट होते. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ नुसार पक्षादेश (व्हिप) मोडून मतदान करणारा नगरसेवक अपात्र ठरू शकतो. म्हणजे पक्षादेश निघाला असेल तर मत हे त्या नगरसेवकाचे व्यक्तिगत मत उरत नाही, ते पक्षाचे मत असते. ‘मी वैयक्तिकरीत्या टेकडीच्या बाजूने होतो’ असे सांगणाऱ्या नगरसेवकाशी वाद घालत बसू नये. त्याच्या गटनेत्याला पत्र लिहून पक्षादेश होता का आणि कोणता होता हे विचारावे.

पुण्यातील जैवविविधता उद्यान, म्हणजे बीडीपी, हा यासाठी अभ्यासावा असा विषय आहे. १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांमधील साडेनऊशेहून अधिक हेक्टर टेकड्यांवर हे आरक्षण आहे आणि राज्य सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये ते मान्य केले. आरक्षण ठेवावे की मर्यादित बांधकामाला परवानगी द्यावी आणि जमीनमालकांना मोबदला कसा द्यावा, यावर गेल्या दोन दशकांत पक्षांतर्गतही मतभेद झाले. जमीनमालकांचा मोबदल्याचा प्रश्न खरा आहे, आणि टेकडीच्या बाजूने बोलणाऱ्या गटाने तो टाळू नये. पक्षांना ‘टेकडी हवी का?’ असे विचारले तर सर्वजण होय म्हणतील. ‘मोबदला कोणत्या स्वरूपात आणि कधीपर्यंत द्याल?’ असे विचारले की खरी भूमिका बाहेर येते.

मार्च २०२२ पासून नवे सभागृह येईपर्यंत पुण्यात प्रशासकराज होते. त्या काळातील निर्णयांबद्दल ‘आम्ही तेव्हा नव्हतोच’ असे उत्तर हमखास मिळते. प्रशासकाची नेमणूक राज्य सरकारची आणि राज्य सरकार पक्षांचे, हे ध्यानात ठेवून तो प्रश्न आमदारांकडे न्यावा. विधिमंडळातील तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना पाहिल्यास तुमच्या आमदाराने त्या वर्षांत शहराच्या पर्यावरणाबद्दल काही विचारले होते का, हे तपासता येते.

७. पैसा कोठे गेला ते पाहा

अंदाजपत्रक आधी आयुक्त स्थायी समितीला सादर करतात. १६ सदस्यांची ही समिती त्यात बदल करते आणि मग ते मुख्य सभेपुढे जाते. आयुक्तांच्या मसुद्यात तुमच्या टेकडीच्या किंवा ओढ्याच्या कामासाठी किती तरतूद होती आणि स्थायी समितीनंतर किती राहिली, हा फरक म्हणजे पक्षांची भूमिका रुपयांत व्यक्त झालेली असते. लेखाशीर्षाचा, म्हणजे अंदाजपत्रकातील त्या खर्चाच्या शीर्षाचा, क्रमांक लिहून ठेवा, कारण पुढचा शोध त्याच क्रमांकाने घ्यायचा आहे.

खरी गंमत आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होते असे म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात गंमत दिसत नाही, चिंता वाटते. एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवण्याला पुण्यात ‘वर्गीकरण’ म्हणतात. वृक्षारोपणासाठी किंवा ओढा सफाईसाठी ठेवलेली रक्कम वर्गीकरणाने काँक्रिटीकरणाकडे किंवा बाकड्यांकडे जाऊ शकते, आणि अंदाजपत्रकाच्या छापील पुस्तकात मात्र ती शेवटपर्यंत पर्यावरणाच्या नावावर दिसत राहते. म्हणून वर्षअखेरीस त्या लेखाशीर्षावरील तरतूद, वर्गीकरण आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन आकडे मागावेत. वर्गीकरणाच्या प्रस्तावावरही सूचक-अनुमोदक असतात. स-यादीतील, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतील, कामेही याच नजरेने पाहावीत.

८. पक्षाने हरकत नोंदवली का, हे तपासा

झाड तोडण्याच्या प्रस्तावावर सूचना प्रसिद्ध झाल्यानंतर हरकतीसाठी सात दिवस मिळतात. विकास आराखड्यात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करायचा असल्यास एक महिना मिळतो. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरणीय जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. या तिन्ही ठिकाणी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था, आणि अर्थातच राजकीय पक्षही, लेखी म्हणणे देऊ शकतो.

आंदोलनाच्या ठिकाणी येऊन छायाचित्र काढणे सोपे आहे. मुदतीत, पक्षाच्या अधिकृत कागदावर, सही-शिक्क्याने हरकत देणे हे वेगळे काम आहे. सूचना प्रसिद्ध झाली की त्याच दिवशी सर्व पक्षांच्या शहर कार्यालयांना पत्र पाठवून ‘आपण हरकत देणार आहात का?’ असे विचारा, हवा तर मसुदाही द्या. मुदत संपल्यावर हरकतींची यादी मागवा. ज्या पक्षाची हरकत यादीत आहे त्याचे नाव कृतज्ञतेने प्रसिद्ध करावे. हिशोब ठेवणाऱ्याने चांगल्या कामाची नोंदही तितक्याच काळजीने ठेवली, तरच त्याच्या टीकेला वजन येते.

९. माहिती अधिकाराचा नेमका वापर

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क १० रुपये. ‘का केले नाही?’ असे प्रश्न विचारू नयेत, कागद मागावा : अमुक तारखेच्या सभेतील अमुक विषयाचा ठराव व उपसूचनांच्या प्रती; अमुक लेखाशीर्षाची तरतूद, वर्गीकरण व खर्च; अमुक सूचनेवरील हरकतदारांची यादी. शक्य असेल तेथे आधी अभिलेख पाहण्याची मागणी करावी आणि हवी तीच पाने घ्यावीत. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील. दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो, म्हणून निवडणुकीच्या तोंडावर अर्ज करून उपयोग नाही.

१०. प्रगतिपत्रक प्रसिद्ध करताना

वर्षातून एकदा पानभर प्रगतिपत्रक काढावे. प्रत्येक पक्षासमोर आश्वासन, सभागृहातील कृती, पैसा आणि हरकती एवढेच रकाने पुरेत. गुण किंवा क्रमांक देण्याचा मोह टाळावा असे माझे मत आहे, कारण मग सारी चर्चा गुणपद्धतीवर घसरते आणि ओढा बाजूला राहतो. प्रसिद्धीपूर्वी संबंधित पक्षाला त्याच्यापुरता मजकूर पाठवून उत्तरासाठी आठ-दहा दिवस द्यावेत आणि उत्तर शेजारीच छापावे. प्रत्येक विधानामागे कागद असावा; व्यक्तीच्या हेतूबद्दल एकही शब्द नसावा.

नोंद पक्षानुसार आणि व्यक्तीनुसार, अशी दोन्ही प्रकारे ठेवा. २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडल्यानंतर केवळ पक्षनिहाय ठेवलेल्या नोंदींचा अर्थ लावणे कठीण झाले, आणि निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलणारे नगरसेवक तर प्रत्येक शहरात आहेत. सत्तेत आणि विरोधात असतानाची भूमिकाही वेगवेगळ्या रकान्यात लिहावी. मुंबईतील मेट्रोच्या आरे कारशेडचा निर्णय २०१९ मध्ये थांबवला गेला, २०२० मध्ये जागा कांजूरमार्गला हलवली गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आरेकडे आली. २०१९ आणि २०२२ या दोन्ही वळणांवर सरकार बदललेले होते. असा क्रम एका पानावर मांडला की वाचणाऱ्याला वेगळे भाष्य लागत नाही.

कामाचे वेळापत्रक साधारण असे बसते. जुलै-ऑगस्टमध्ये पर्यावरण स्थिती अहवाल मागवून त्यावर प्रभागातील नगरसेवकांनी लेखी प्रश्न विचारावेत म्हणून पाठपुरावा करावा. नागरिकांच्या सूचनांतून अंदाजपत्रक करण्याची योजना पुण्यात २००६ पासून आहे. तिचे अर्ज निघाले की आपल्या ओढ्याचे किंवा टेकडीचे काम त्यात सुचवावे. जानेवारी ते मार्च हा काळ अंदाजपत्रक आणि वर्गीकरणासाठी राखून ठेवावा, आणि प्रगतिपत्रक एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याच्या आधी काढावे, कारण नालेसफाईची चर्चा तेव्हा आपोआप सुरू असते आणि लोक ते वाचतात. नोंदवहीची दुसरी प्रत सुरुवातीपासूनच गटातील दुसऱ्या एका व्यक्तीकडे द्यावी, आणि दर तीन महिन्यांनी दोन्ही प्रती समोरासमोर ठेवून जुळवून घ्याव्यात.